दगडूअण्णांची तीन महिन्यांची साखर

माझा खेळ रोज सकाळी सातला सुरू होतो. प्रेक्षक उपाशी असतात, चहा न मिळाल्यानं चिडलेले असतात आणि मुख्य नटी हातात सुई घेऊन उभी आहे हे त्यांना आत पाऊल टाकताच दिसतं. एवढ्यावर त्यांना हसवायचं. नाटक कंपनीत गेले असते तर निदान टाळ्या तरी मिळाल्या असत्या. इथं फार तर "झालं पण?" एवढं ऐकायला मिळतं. पण खरं सांगू का, "झालं पण?" यासारखी टाळी नाही.

येरमाळ्यात हायवेला लागून, टायरचं दुकान आणि रसवंती यांच्या मधे माझी लॅब आहे. पाटीवर चांगलं लांबलचक इंग्रजी नाव आहे. गावात मात्र तिला 'रगताचं दुकान' म्हणतात आणि मला 'शोभाताई रगतवाल्या'. एसटीत कुणी अशी ओळख करून दिली की शेजारची बाई जरा सरकून बसते. मला ऐसपैस जागा मिळते.

रक्त काढणं हे काही अवघड काम नाही. दंडाला रबरी पट्टा बांधायचा, मूठ आवळायला सांगायची, बोटाखाली शीर उसळते ती जागा धरायची आणि टोचायचं. अवघड असतं ते माणसाचं ध्यान त्याच्या हातावरून दुसरीकडं नेणं. सासू झालेली बाई असेल तर मी विचारते, "सूनबाई काय म्हणते?" उत्तर अर्ध्यावर येईतो नळी भरते. सून असेल तर सासूची चौकशी करते. तेव्हा दोन नळ्या भरतात. पुरुषांना सोयाबीनचा भाव विचारते. एकदा कर्नाटकाच्या सीमेजवळच्या मुरुम गावाहून लेकीकडं आलेल्या एका आजींनी मात्र मला हरवलं. घरात कानडी बोलणाऱ्या. खुर्चीत टेकल्या टेकल्या त्या "साकु! साकु!" म्हणून ओरडायला लागल्या. नात म्हणाली, "पुरे पुरे म्हणतेय." मी म्हटलं, "आजी, अजून सुईचं टोपणसुद्धा काढलेलं नाही."

आमच्या भागात साखर तपासायला जाणं म्हणजे परीक्षेला बसणं. आणि परीक्षा म्हटली की अभ्यास आला. तपासणीच्या आधी दोन-तीन दिवस घरात गोडाचं नाव निघत नाही. सकाळी कारल्याचा रस, दुपारी ज्वारीची भाकरी आणि मेथी, संध्याकाळी येडाईदेवीच्या डोंगराकडं पायी फेरी. ठरल्या दिवशी माणूस उपाशीपोटी, धुतलेल्या कपड्यांत, कपाळाला कुंकू लावून हजर. रिपोर्ट हातात पडला की पहिला प्रश्न, "पास का नापास?" पास झालं की समोरच्या हॉटेलात गरम जिलेबी.

या परीक्षेत दरवेळी पहिला नंबर काढायचे ते दगडूअण्णा.

अण्णा साठी ओलांडलेले, पांढऱ्याशुभ्र मिशांचे, आवाज असा की हायवेच्या पलीकडं उभ्या ट्रकवाल्याला इकडून पेढ्याचा भाव सांगतील. त्यांची खव्याची भट्टी आणि पुढं पेढ्याचं दुकान. दुकानात गल्ल्यावर त्यांची बायको गयाकाकू आणि मागं भट्टीवर स्वतः अण्णा. येडाईच्या दर्शनाला आलेली माणसं बसमधून उतरली की आधी अण्णांच्या खरपूस वासाला लागतात, मग देवीच्या वाटेला. अण्णांना साखरेचा आजार होऊन बरीच वर्षं झाली होती. गोळ्या ते आठवतील तेव्हा घ्यायचे. आणि प्रत्येक घाण्याची चव बघायचे, कारण तो धंद्याचा धर्म.

"चव बघायची म्हंजी चिमूटभर," काकू मला सांगायच्या. "ह्यांची चिमूट बगितली का ताई तुमी? वाटीत मावत न्हाय."

पण उपाशीपोटीची साखर बघावी तर अण्णांची एकदम सभ्य. मी रिपोर्ट द्यायचे, अण्णा तो दुकानात येईल त्याला वाचून दाखवायचे.

मग आमच्या गावात इनामदार डॉक्टरीणबाई आल्या. मूळच्या धाराशिवच्या, वयानं लहान, बोलायला मऊ आणि नजरेला तिखट. त्यांचा दवाखाना माझ्या लॅबच्या वरच्या मजल्यावर. संक्रांत होऊन गेली होती. अण्णा आपला ताजा रिपोर्ट घेऊन वर गेले आणि पाच मिनिटांत हसत खाली आले.

"ताई, ह्या नव्या बाईनं दुसरी कायतरी तपासणी लिवली. उपाशी राहू नगा म्हणल्या! जेवून या म्हणल्या तरी चालंल! अशी सोपी परीक्षा तर बालवाडीत बी नसती."

मी चिठ्ठी बघितली. ती होती 'तीन महिन्यांची साखर'. आम्ही गावात तिला तसंच म्हणतो. मी जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त घेतलं, यंत्राला लावलं. अण्णा बाहेर बाकावर बसून टायरवाल्याला विनोद सांगत होते. यंत्रावर आकडा उमटला. दहाच्या पुढं. साखरेच्या माणसाचा तो सातच्या आत असला तर बरा म्हणतात.

आमच्या धंद्यातली एक खंत सांगते. माणसाच्या आतली बातमी त्याच्या आधी मला कळते. काचेपलीकडं तो हसत असतो आणि इकडं माझ्या हातात त्याचा आकडा असतो. तो सांगायचा अधिकार मात्र डॉक्टरचा. मी नुसतं पाकीट बंद करून द्यायचं. अशा वेळी माझ्यातली नटी कामाला येते, पण त्या भूमिकेत कधी मजा आलेली नाही.

अण्णा वर गेले. या वेळी त्यांचा आवाज जिन्यातूनच ऐकू आला. "यंत्र खोटं बोलू लालंय! सकाळची साखर बगा की! पास हाय म्या!"

डॉक्टरीणबाई त्यांना घेऊन खाली माझ्याकडंच आल्या. माझ्याकडं चहा असतो, हे एक कारण. दुसरं असं की, कागदावर गोल काढून त्यांनी लाल पेशी समजावायचा प्रयत्न केला होता आणि अण्णांनी तो गोल बघून "हा लाडू का?" असं विचारलं होतं.

मग मी मधे पडले. म्हटलं, "अण्णा, दूध पांढरं असतं. तुमचा पेढा तपकिरी कसा होतो?"

"आटवून. परतून."

"रंग बाहेरून टाकता का?"

अण्णा दुखावले. "रंग? आमच्या दुकानात? ताई, धंद्याला डाग लावू नगा. दुधाचाच रंग हाय तो. उलथनं चालतं ठिवायचं, जाळ धरायचा, दूध आपुआप रंग धरतं."

डॉक्टरीणबाईंचे डोळे चमकले. त्यांनी धागा बरोबर उचलला. "दुधात मुळातच साखर असते अण्णा, आणि प्रथिनंही असतात. उष्णता लागली की ती साखर प्रथिनांना चिकटते, म्हणून रंग येतो. तुमच्या रक्तात हिमोग्लोबिन म्हणून एक प्रथिन आहे. रक्त लाल दिसतं ते त्याच्यामुळं. श्वासातला प्राणवायू ते अंगभर पोचवतं. रक्तात साखर जास्त झाली की ती त्या हिमोग्लोबिनला चिकटते. जाळ मंद, म्हणून दिवस लागतात, इतकंच."

"म्हंजी माझ्या अंगात पेढा व्हायलाय?"

"साधारण तसंच," मी म्हटलं.

अण्णा जरा खूश झाल्यासारखे दिसले. मी घाईनं पुढं म्हटलं, "आणि मला सांगा, एकदा लाल झालेला खवा परत पांढरा होतो का?"

"कसा व्हईल?"

"मग? दोन दिवस कारल्याचा रस पिऊन आजची साखर उतरते. पण मागं चिकटलेली तशीच राहते. ती लाल पेशी मरेपर्यंत राहते, आणि पेशी जगते चार-एक महिने. म्हणून हे यंत्र तुमचा आजचा अभ्यास बघत नाही. दोन-तीन महिने जाळ कसा होता ते बघतं."

अण्णांनी मिशीवरून हात फिरवला. "बरं, चिकटली. गोडच हाय की. नुस्कान काय?"

याचं उत्तर मलाही तेव्हा धड माहीत नव्हतं. मी इतकी वर्षं ती तपासणी मागच्या जाळाची खूण म्हणूनच बघत आले होते. डॉक्टरीणबाईंनी कप खाली ठेवला.

"हिमोग्लोबिनच्या घडीत लोखंडाचे कण असतात. घट्ट धरून ठेवलेले. लोखंड कामाचं आहे, पण मोकळं सुटलं तर उपद्रवी. साखर चिकटली की ती घडी बिघडते, पकड सैल पडते. असं साखरलेलं हिमोग्लोबिन लोखंड लवकर सोडतं, असं प्रयोगात दिसलंय. ते लोखंड आणि प्राणवायू यांची गाठ पडली की ठिणग्या उडतात. खऱ्या आगीच्या नव्हेत. प्राणवायूचेच फार चिडके तुकडे असतात ते, ज्याला लागतील त्याला पोळतात. तुमच्या भट्टीत ओलं लाकूड घातलं की कसं तडतडतं?"

"शर्टाची चाळण व्हती," काकू दारातून म्हणाल्या. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या आम्हाला कळलंच नव्हतं.

"तशी आत रक्तवाहिन्यांच्या अस्तराची होते. शरीराकडं ठिणग्या विझवणारी माणसं असतात. पण साखर वाढली की ठिणग्या जास्त आणि विझवणारे कमी. याला आम्ही ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतो. ठिणग्या उडायला आणखीही कारणं आहेत. साखरलेल्या हिमोग्लोबिनचा त्यात वाटा किती, यावर शास्त्रज्ञांचं अजून चाललंय. पण वाटा आहे. आणि सगळ्यात आधी पोळतात त्या बारीक बारीक नळ्या. डोळ्यातल्या, मूत्रपिंडातल्या, पायाच्या नसांना रक्त पुरवणाऱ्या."

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या बदलून दिल्या, खाणं सांगितलं आणि म्हणाल्या, "तीन महिन्यांनी परत बघू. तोवर अनवाणी चालायचं नाही. आकडा खाली आला तर पुढचं बोलू."

"तीन म्हैन्यानं म्हंजी चैत्रात," अण्णा म्हणाले. "यात्रेच्या टायमाला."

आता बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत येडाईची पालखी चुन्याच्या रानात येते. तिथं भाविक चुनखडीचे खडे वेचतात. रानात सगळे अनवाणी. चैत्रातलं ऊन, तापलेली माती, पांढरे टोकदार खडे. आमच्याकडं हे वेचणं चुकवायचं नसतं. अण्णांनी जन्मात चुकवलं नव्हतं, आणि डॉक्टरीणबाईंनी घातलेली अट नेमकी त्यावरच बसली होती.

अण्णांना समजलं नाही असं कुणी म्हणू नये. त्यांना फार चांगलं समजलं होतं, आणि तिथंच सगळा घोटाळा झाला.

काही आठवड्यांनी शाळेच्या पटांगणात रक्तदान शिबिर होतं. रक्तपेढीची माणसं बाहेरून आलेली, आणि मी मदतीला, बोटाला टोचून रक्ताचं प्रमाण बघायच्या टेबलावर. रांग पुढं सरकत होती. एक हात माझ्यापुढं आला. त्या हाताला खव्याचा वास होता.

मी मान वर केली. अण्णा. डोक्यावर टोपी, टोपीवर उपरणं, उपरण्यानं अर्धं तोंड झाकलेलं. फक्त मिशा बाहेर. गावात तशा मिशा दुसऱ्या कुणाला नाहीत.

"नाव?" मी गंभीर चेहऱ्यानं विचारलं.

"... बाबू," अण्णा बारीक आवाजात म्हणाले.

"काही आजार? साखर वगैरे?"

"न्हाय. ठणठणीत."

"खव्याचा काय भाव चाललाय, बाबू?"

"आज जरा चढलाय," अण्णांच्या तोंडून त्यांच्या खऱ्या आवाजात निघून गेलं, आणि मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.

मी त्यांना उठवून चिंचेच्या झाडाखाली नेलं. "अण्णा, तुम्हाला इथं काय करायचंय?"

"हळू बोला की ताई. तुमीच सांगितलं न्हाय का, साखर जुन्या रगताला चिकटती, आन ते मरंस्तवर निघत न्हाय?"

"हो."

"मग म्या ईचार केला, मरायची वाट कामून बगायची? जुनं रगत देऊन टाकू. नवं रगत तयार व्हईल, पांढऱ्या दुधावाणी. चैत्रात परीक्षा पास. वर पुण्य."

मला खरोखर टाळी वाजवावीशी वाटली. कारण गंमत अशी, की ही युक्ती थोडीफार चालली असती! रक्त गेलं की शरीर नव्या पेशी बनवतं, नव्यांना साखर चिकटायला वेळ मिळालेला नसतो, आणि यंत्र फसतं. म्हणूनच अशी तपासणी करताना नुकतं रक्त दिलंय का, चढवलंय का, हे विचारायचं असतं. या माणसानं चौथीनंतर शाळेत पाऊल टाकलं नव्हतं तरी कढई ढवळता ढवळता ते शोधून काढलं होतं.

"अण्णा," मी म्हटलं, "युक्ती एक नंबर. पण यंत्र फसलं तरी जाळ तसाच राहील ना? नव्या दुधाचं काय होईल?"

अण्णांनी सुस्कारा सोडला. "तसं न्हाय ताई. औंदा चुना वेचायला जायाचंच हाय मला. तुमाला म्हणून सांगतो. माझ्यावर येडाईची लई कृपा झालीया."

"कसली?"

त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "दोन वर्सं झाली, रानात पायाला चटका म्हणून बसत न्हाय. लोकं उड्या मारत्यात, 'माय माय' करत्यात. म्या मधोमध हुबा असतो, जसा काय गारीगार फरशीवर. खडा बी टोचत न्हाय. गेल्या वर्सी तर बायका माज्या पायाला हात लावून गेल्या. लेकरं पायावर घातली."

पटांगणात स्पीकर चालू होता, माणसं केळी खात होती. मी मात्र चिंचेखाली गार पडले. अण्णांना जी कृपा वाटत होती तिचं नाव माझ्या धंद्यात वेगळं आहे. त्यांच्या पायांच्या नसा विझल्या होत्या. आणि हे पाय ते चैत्रात, तापल्या मातीत, टोकदार खड्यांवर, तासन्‌तास ठेवणार होते, तेही गावाच्या डोळ्यांसमोर, छाती काढून. जखम झाली तर कळणार नाही. कळली नाही तर चिघळेल. पुढचं मी लॅबमधे पुष्कळदा बघितलंय. पाय शाबूत असताना येणारा माणूस नंतर कुबडी घेऊन येतो.

पण हे सांगायचं कसं? देवीची कृपा नाही म्हणणारी मी कोण? मी सरळ गयाकाकूंना गाठलं. काकू ऐकून घेत होत्या आणि पेढ्याच्या पुड्या बांधत होत्या. बांधता बांधता त्यांचा दोरा तुटला.

"उद्या आणते त्यांना," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आम्ही चौघं. अण्णांना काकूंनी काय सांगून आणलं होतं देव जाणे, पण ते पुन्हा परीक्षेच्या तयारीत होते. पाय घासून धुतलेले, खोबरेल लावलेले.

डॉक्टरीणबाईंनी माशाच्या गळाच्या दोऱ्यासारखा एक नायलॉनचा तुकडा काढला. "अण्णा, डोळे मिटा. हा तळव्याला लागला की 'लागलं' म्हणायचं."

अण्णांनी डोळे घट्ट मिटले. बाईंनी अंगठ्याखाली दोरा टेकवला.

"लागलं," अण्णा म्हणाले.

बाईंनी मला भुवईनं खूण केली, ठीक आहे म्हणून. टाचेला टेकवला.

"लागलं." आणि मग, जराशा अंतरानं, काहीच टेकवलं नसताना, "लागलं."

बाई थांबल्या. दोरा टेबलावर ठेवला.

"लागलं," अण्णा ठणकावून म्हणाले. "लागलं. हे बी लागलं." हजेरी द्यावी तसं एका लयीत चाललं होतं. मी तोंडाला पदर लावला. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे चहाचा कप उचलला.

"लागलं. आता जरा जोरात लागलं."

"अवं," गयाकाकू म्हणाल्या, "डाक्टरीणबाई तर च्या पिऊ लाल्यात."

अण्णांनी डोळे उघडले. आमच्याकडं बघितलं, कपाकडं बघितलं, आणि आधी स्वतःच खो खो हसले. आम्हीही हसलो. काकूंना तर हसून ठसका लागला. असं ते हसणं ओसरत असताना डॉक्टरीणबाई खाली वाकून अण्णांची टाच बघत होत्या. त्यांनी चिमटा मागितला. टाचेच्या कडेला, भेगेत, काळं काहीतरी होतं. त्यांनी ते हळूच ओढलं. चांगला बोटाच्या पेरभर बाभळीचा काटा बाहेर आला.

तो त्यांनी बशीत ठेवला. अण्णा त्याच्याकडं बघत राहिले.

"हा कुणाचा?" त्यांनी विचारलं.

काकूंनी पदर डोळ्याला लावला.

अण्णा म्हणाले, "मग दोन वर्सं जे न्हाय भाजलं ते..." आणि तिथंच थांबले. त्यांच्या तोंडावर असं काही होतं की डॉक्टरीणबाईंनी नजर खाली घातली. माणसाकडनं साखर काढून घेता येते. देवीची कृपा कशी काढून घ्यायची?

उत्तर काकूंनीच दिलं. "दोन वर्सं येडाईनं सांभाळलं म्हणून तर पाय हायत. न्हाय तर अशा पायावर काय काय झालं असतं. पर तिला एकलीला किती ताण द्यायचा वं? आपुन बी कायतरी करावं की."

अण्णा हळूच "व्हय" म्हणाले. फार हळू. ट्रकवाल्यांना ऐकू जाणारा तो आवाज मला शेजारी बसून जेमतेम ऐकू आला.

त्यानंतर अण्णांनी खरोखर जाळ कमी केला. गोळ्या वेळेवर. खव्याची चव बघायचं काम काकूंकडं. अण्णा बोटावर चोळून आणि वास घेऊन घाणा ओळखू लागले, आणि वर मला सांगायचे, "खरा खवेवाला बोटानंच वळखतो. चव बगणारे नवशिके." रोज रात्री जेवणाआधी काकू त्यांचे तळवे बॅटरी लावून तपासायच्या. चैत्रात, यात्रेच्या तोंडावर पुन्हा नळी भरली. आकडा आठच्या आसपास आला. डॉक्टरीणबाई खूश झाल्या, पण अण्णांना खोटी आशा दाखवली नाही. म्हणाल्या, "ठिणग्या कमी झाल्यात. पण गेलेल्या नसा परत येतीलच असं नाही. पाय आता डोळ्यांनी सांभाळायचे. चप्पल सुटली नाही पाहिजे."

अण्णांनी मान डोलावली. पण चुन्याच्या रानाचं ते काहीच बोलले नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही. विचारायची भीती वाटत होती.

पालखी रानात आली त्या दिवशी मी तिथं गेले. दुपार तापलेली, गुलाल उडत होता, हलग्या वाजत होत्या. त्या गर्दीत मी चेहरे बघायचं सोडून खालीच बघत होते, अण्णांचे पाय शोधत. रानात कुठं दिसले नाहीत. दिसले ते बांधावर, लिंबाच्या सावलीत. काळ्या, जाड, मऊ तळाच्या सँडलमधे.

आणि रानात होत्या गयाकाकू. नवऱ्याच्या वाटणीचे खडे वेचायला. इतकी वर्षं यात्रेच्या गर्दीत दुकान सोडता येत नाही म्हणून त्या कधी रानात आल्याच नव्हत्या.

अण्णांचे जुने सोबती बाबूराव खडे वेचून बांधावर आले. अण्णांनी शिबिरात सांगितलेलं नाव यांचंच. त्यांनी सँडलकडं बघितलं आणि चार माणसांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय अण्णा, औंदा पायताण? येडाईची कृपा आटली का काय?"

आजूबाजूची माणसं वळली. गेल्या वर्षी पायावर लेकरं घालणाऱ्या बायकाही त्यात होत्या. अण्णांचा हात मिशीवर गेला आणि तिथंच राहिला. मला वाटलं, आता हा माणूस सँडल काढून रानात उतरणार.

तेवढ्यात रानातून आवाज आला, "आगं माय माय माय! भाजलं वं! अवं, कसं वेचीत व्हता तुमी इतकी वर्सं!" गयाकाकू एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होत्या, ओटीत खडे, पदर कमरेला खोचलेला.

अण्णांचा चेहरा उजळला. "ऐकलं का बाबूराव?" त्यांचा जुना आवाज रानभर गेला. "तिला भाजलं! ज्याला भाजतंय त्याचे पाय जित्ते हायत! माझी कृपा आता तिकडं नाचू लालीय, बगा!" मग ते बाबूरावांकडं वळले. "तुमाला भाजलं का न्हाय?"

"मला?" बाबूरावांनी छाती काढली. "अजाबात न्हाय."

"बसा खाली."

"आँ?"

"बसा म्हणतो ना." अण्णांनी त्यांना खांद्याला धरून लिंबाच्या मुळीवर बसवलं, स्वतः गुडघे मोडून खाली बसले आणि बाबूरावांचं धुळीनं माखलेलं पाऊल मांडीवर घेतलं. चष्मा लावला. तळव्यावरून बोट फिरवलं.

"अवं, अवं! गुदगुल्या व्हायल्यात!" बाबूराव ओरडले.

"मग खोटं कामून बोलला? भाजतंय म्हणा की!"

बाबूरावांनी चार माणसांकडं बघितलं, रानाकडं बघितलं आणि शरण आले. "भाजतंय बाबा. लई भाजतंय. आई शप्पथ, मगापासून जीव चाललाय."

माणसं हसली. मग त्यांच्यातलाच एक म्हणाला, "मला बी भाजलं." "मला तर फोड आलाय." "म्या तर पळतच वेचले." जो तो पाय वर करून दाखवू लागला, बायका एकमेकींच्या तळव्यांना हात लावून खिदळू लागल्या, आणि अण्णा मधोमध बसून सगळ्यांना शाबासकी देत होते, "जित्ते हायत! हे बी जित्ते हायत!"

त्या गोंगाटात एक बाई मात्र गप्प उभी होती. रानातूनच आलेली, ओटीत खडे होते. ती आपल्या पावलांकडं बघत होती, कुठं भाजलंय ते शोधत असल्यासारखी.

माझ्याआधी अण्णांनी तिला पाहिलं. ते हसायचे थांबले, सँडल सावरत उठले आणि तिच्याकडं गेले.